रंगमंच-व्यवस्थापकाची टीकाबुद्धि

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायांत भरतमुनींनीं पहिल्यावहिल्या नाट्यप्रयोगाची जी कथा सांगितली आहे, ती आमच्या नाट्यटीकेनें पुरेशा गांभीर्यानें वाचलेली दिसत नाहीं. देवांच्या विजयाचा तो प्रयोग रंगांत आला असतां विघ्नांनीं नटांची वाणी, हालचाल व स्मृति हीं जागच्या जागीं थिजवून टाकलीं. इंद्रानें आपल्या ध्वजदंडानें त्यांस झोडपून काढलें, तरी उपद्रव थांबेना. तेव्हां ब्रह्मदेवानें अधिक चांगले नट शोधले नाहींत. त्यानें विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतलें आणि त्याच्या एकेका भागावर एकेक रक्षक नेमला : मंडपावर चंद्र, नेपथ्यभूमीवर मित्र, वेदिकेवर अग्नि. प्रयोग बिघडतो तो पुष्कळदां प्रतिभेच्या अभावीं नव्हे, तर रक्षणाच्या अभावीं, हें मर्म त्या कथेंत आहे. आज ज्यास आपण रंगमंच-व्यवस्थापक म्हणतों, त्याच्या पदाची मूळ कल्पना मला येथें दिसते.

आमच्या महाविद्यालयांतून मात्र हें पद मोठ्या विचित्र रीतीनें दिलें जातें. भूमिकांची वांटणी झाल्यावर जो विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उरेल, तिला सांगण्यांत येतें, "तुला काम नाहीं ना, मग तूं मागचें बघ." ‘मागचें’ म्हणजे काय, हें सांगणारासही ठाऊक नसतें. प्रस्तुत लेखाचें म्हणणें इतकेंच आहे कीं, हें काम हमालीचें नसून वाचनाचें आहे. या प्रसंगाचा अर्थ काय, असें दिग्दर्शक विचारतो. तो अर्थ प्रेक्षकांपर्यंत पोंचण्यासाठीं या क्षणीं कोणती वस्तु, कोठें व कोणत्या स्थितींत असली पाहिजे, असें व्यवस्थापक विचारतो. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून कमी टीकात्मक आहे, असें मला वाटत नाहीं.

उदाहरणासाठीं श्री. विजय तेंडुलकर यांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हें नाटक घेऊं. १९६७ सालीं अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखालीं तें रंगभूमीवर आलें, आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे त्यांत गाजली. एका गांवच्या सभागृहांत हौशी नटमंडळी जमते, वेळ घालविण्यासाठीं खोट्या खटल्याचा खेळ मांडते, आणि पाहतां पाहतां त्या खेळांत एका अविवाहित शिक्षिकेची शिकार होते. या नाटकाचा मोठा भार वस्तूंवर आहे. आरंभींच दाराच्या कडींत बेणारेचें बोट सांपडतें, आणि ती कडी नीट सरकविली नाहीं तर आंतलीं माणसें कोंडलीं जातात, हेंही आपल्या कानांवर येतें. पुढें तिला निघून जावयाचें असतें त्या वेळीं दार उघडत नाहीं. सामंताच्या हातांत हिरव्या कापडाचा पोपट आहे. तो शेवटीं त्यानें तिच्याजवळ गुपचूप ठेवावयाचा आहे. तिच्या पिशवींत विषाची लहान बाटली आहे. खटल्यांतील शपथा इंग्रजी शब्दकोशावर हात ठेवून घेतल्या जातात. या चार वस्तूंपैकीं एक जरी जागेवर नसली, तरी संवाद कितीही पाठ असोत, नाटक लंगडें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयानें केलेल्या या नाटकाच्या प्रयोगास परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग मजवर आला. बेणारे दाराशीं गेली, तिनें कडी काढून दार ओढलें, आणि दार मुकाट्यानें उघडलें. पलीकडे चहाचे पेले घेऊन उभा असलेला एक मुलगा क्षणभर उजेडांत दिसला. प्रेक्षागृहांत हंशा पिकला. त्या मुलीनें दार आपल्याच हातानें लोटून घेतलें व ती माघारीं वळली. मीं शेऱ्यांत लिहिलें कीं, नायिकेच्या अभिनयांतील आर्तता या ठिकाणीं टिकली नाहीं. पुढें समजलें तें असें : तालमी दोन खुर्च्यांमधील मोकळ्या जागेस दार मानून झाल्या होत्या, खरें दार प्रयोगाच्या दिवशीं दुपारीं आलें, आणि तें बाहेरून कोणीं बंद करावयाचें, हें कोणाच्याच कागदावर लिहिलेलें नव्हतें. त्या मुलीचे गुण मात्र मीं कापले होते, आणि ती चूक आतां दुरुस्त होण्यासारखी नाहीं.

टीकाकार म्हणून मला याहूनही अधिक टोंचतें तें निराळेंच. दार उघडलें त्या क्षणीं नाटकच बदललें. बंद दार सांगतें कीं, या स्त्रीला बाहेर जावयास वाट ठेवलेली नाहीं. उघडें दार सांगतें कीं, तिला जातां येत होतें, पण ती राहिली. केवढा हा अर्थभेद! तो माझ्या नजरेंतून निसटला, कारण अभिनय पाहावयाचा आणि दार पाहावयाचें नाहीं, अशी आम्हां टीकाकारांची संवय. तेव्हां नवशिक्या व्यवस्थापकांसाठीं चार गोष्टी सांगतों, त्या उपदेश म्हणून नव्हे, तर त्या शेऱ्याचें प्रायश्चित्त म्हणून.

पहिली गोष्ट वाचनाची. नाटक एकदां प्रेक्षक होऊन वाचावें. दुसऱ्यांदा पेन्सिल हातीं घेऊन. प्रत्येक प्रवेशासाठीं वस्तु, वेष, ध्वनि, प्रकाश व जाणें-येणें असे रकाने पाडावे. पोपट कोणाच्या हातांतून येतो, अंक संपतांना कोठें असतो, पुढच्या अंकारंभीं तो तेथेंच हवा कीं नको, याचा माग शेवटच्या क्षणापर्यंत काढावा. असा माग काढतांना नाटककाराची रचना जशी उलगडते, तशी आमच्या व्याख्यानांतून क्वचितच उलगडत असेल.

दुसरी गोष्ट प्रयोगप्रतीची. संहितेचें एकेक पान मोठ्या कागदावर चिकटवावें व समोरची बाजू कोरी ठेवावी. तींत हालचाली आणि प्रकाश-ध्वनींच्या सूचना क्रमांक घालून लिहाव्या. प्रत्येक सूचनेपूर्वीं कांहीं ओळी अगोदर ‘सावध’ अशी खूण असावी, आणि प्रत्यक्ष शब्दापाशीं ‘चला’. लिहावें पेन्सिलीनें, कारण तालमींत सारें बदलतें. व्यवस्थापक ऐन वेळीं तापानें पडला तर दुसऱ्यास त्या प्रतीवरून प्रयोग चालवितां आला पाहिजे. ही तिची खरी परीक्षा.

तिसरी गोष्ट तालमींची. नाट्यगृहांत जाऊन रंगमंचाचें माप घ्यावें, तालमीच्या जागेवर खडूनें तें आंखावें आणि दारें-खिडक्या त्या मापांतच धराव्या. ज्या वस्तूवर अर्थ टांगलेला आहे ती रंगीत तालमीची वाट न पाहतां आणावी. मूळ वस्तु न मिळाल्यास तिच्याच आकाराची व वजनाची दुसरी. प्रत्येक अंकाचा काळ घड्याळ लावून टिपून ठेवावा. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिकांच्या स्पर्धा १९६३ पासून चालत आल्या आहेत. अशा ठिकाणीं मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागतो; तेथें हें टिपण कामास येतें.

चौथी गोष्ट प्रयोगाच्या दिवसाची. सर्वांच्या आधीं पोंचावें व सर्वांच्या नंतर निघावें. विंगेंत एक मेज मांडून त्यावर कागद पसरावा, प्रत्येक वस्तूची जागा आंखून तिचें नांव लिहावें. रिकामा चौकोन दिसला कीं काय हरवलें तें तत्काळ कळतें. यादी पडद्यापूर्वीं एकदां आणि मध्यंतरांत पुन्हां तपासावी. जमिनीवरील तारा चिकटवून टाकाव्या, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर सामान ठेवूं देऊं नये. तिसरी घंटा झाली कीं दिग्दर्शकाचा अधिकार संपला. तेथून पडदा पडेपर्यंत शब्द व्यवस्थापकाचा. तो शब्द हळू असावा. प्रयोगानंतर जें टिपण लिहावयाचें त्यांत ‘दार उघडलें’ एवढेंच असावें. ‘अमक्यानें उघडें ठेवलें’ असें नसावें. पहिल्या वाक्यानें दार दुरुस्त होतें, दुसऱ्यानें भांडण सुरू होतें.

कोणी म्हणेल, ज्या नाटकांत नेपथ्यच नाहीं तेथें हा सारा खटाटोप कशास? १९७२ सालीं आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ची आठवण करावी. तेथें माणसांचीच भिंत होते आणि मोडते. एका नटाचें पाऊल चुकलें तर त्या भिंतीला भगदाड पडतें. वस्तु कमी झाल्या म्हणून रक्षण करावयाचें कमी झालें, असें होत नाहीं.

अखेरीस पुन्हां तेंडुलकरांच्या त्या हौशी मंडळींकडे वळूं. त्यांच्यांत बाळू रोकडे नांवाचा एक तरुण आहे. तो काशीकरांच्या आश्रयानें वाढला आहे. सामान वाहतो, सर्वांचीं बोलणीं खातो. संधि मिळतांच हाच मिंधा तरुण पिंजऱ्यांतील स्त्रीवर उलटतो. नाटकमंडळींनीं आपल्यांतील पडद्यामागच्या माणसास कसें वागवूं नये, याचा याहून कठोर धडा मला ठाऊक नाहीं. जें महाविद्यालय आपल्या व्यवस्थापकाचा रोकडे करतें, त्यानें हें नाटक करूं नये. कारण तें त्यानें वाचलेलेंच नाहीं.

आणि परीक्षकांनीं? त्यांनीं यापुढें निदान एकदां दाराकडे पाहावें. तें बंद राहिलें, तर पलीकडे अंधारांत कोणीतरी तें धरून उभें आहे, एवढें ओळखून त्याचेही गुण द्यावे.