कोशकार आणि खटला

काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचा व्याकरणकोश मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात मागितला, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "खून झाला तेच ना अभ्यंकर?" मी "हो" म्हणालो. त्या "हो"ची लाज मला बऱ्याच उशिरा वाटली.

१९७६च्या हिवाळ्यात मी पुण्यात सहा वर्षांचा होतो. दिवेलागणीलाच दारं बंद व्हायची, एवढं आठवतं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. मारेकरी कलामहाविद्यालयातले विद्यार्थी निघाले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, पाचवा माफीचा साक्षीदार झाला. त्या चौघांपैकी मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेलं 'येस, आय ॲम गिल्टी' हे आत्मकथन मी विशीत एका रात्रीत वाचून काढलं. पुस्तक मिटल्यावर मारेकऱ्यांची नावं पाठ होती. ज्यांचे जीव गेले, त्यांच्यातलं कोण काय करत होतं, हे सांगता आलं नसतं.

हा दोष लेखकाचा म्हणून सोडून देता येत नाही. आत्मकथनात 'मी' गुन्हेगाराचा असला की घर दिसतं ते तो आत शिरल्यावर, आणि माणसं दिसतात ती मरण्यापुरती. पण त्रयस्थ लेखकही फारसं वेगळं करत नाही, कारण त्याची सामग्री तीच असते: कबुलीजबाब, पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, माफीच्या साक्षीदाराची जबानी. न्यायालयाला माणूस कसा मेला हे ठरवायचं असतं. तो कसा जगला, हा तिथला प्रश्नच नव्हे. सत्य गुन्हेकथेचा लेखक ही कागदपत्रं उचलतो आणि त्यांच्यासोबत हा आंधळेपणाही घेतो. याच प्रकरणावर बेतलेल्या मराठी चित्रपटाचं नाव काय, तर 'माफीचा साक्षीदार'!

खटल्याचं रूढ नाव तेवढं मृतांचं आहे: 'जोशी-अभ्यंकर'. पण मोजून पाहा. त्या दोन आडनावांत दहापैकी सातच जण मावतात. पहिला बळी, मारेकऱ्यांचाच वर्गमित्र, बाहेर राहतो. शेवटचा तरुण बाहेर राहतो. आणि अभ्यंकरांच्या घरी कामाला असलेली बाईही. तिचा खून त्याच घरात, त्याच रात्री झाला. पण आडनाव वेगळं.

हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९मध्ये 'द फाइव्ह' हे पुस्तक लिहिलं. १८८८मध्ये लंडनमध्ये 'जॅक द रिपर'ने मारलेल्या पाच स्त्रियांची ही चरित्रं. खुनांचं वर्णन त्यांनी जाणूनबुजून टाळलं आणि जनगणना, गरीबगृहांच्या नोंदी असे कागद धुंडाळून त्या बायकांची लग्नं, मुलं, भाड्याच्या खोल्या उभ्या केल्या. खुनी कोण, याची उत्सुकता शंभर पानांत विरून जाते. निदान माझी तरी विरली.

आपल्याकडे हे काम शास्त्रीबुवांपुरतं अवघड नाही. वडील वासुदेवशास्त्रींनी पतंजलीच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं, त्याला यांनी प्रस्तावनाखंड लिहिला. १९६१मध्ये बडोद्याहून त्यांचा कोश निघाला, १९६७मध्ये भांडारकर संस्थेने त्यांचा 'परिभाषासंग्रह' काढला. शिक्षकाविना पाणिनीशी झगडणाऱ्या माझ्यासारख्याला त्या कोशाशिवाय पाऊल टाकता येत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या या आयुष्यातली एक रात्र आपण उचलली आणि तिलाच त्यांची ओळख करून टाकलं.

शास्त्रीबुवांचं चरित्र ग्रंथालयात बसून लिहिता येईल. त्या बाईंचं लिहायचं तर त्या काळी घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या बायकांच्या दारी जाऊन बसावं लागेल. त्याही दरवर्षी कमी होत चालल्या आहेत.