पायरीचा पोत

छायाचित्रे काढणाऱ्यांची रामघाटावर कधी वानवा नसते. संध्याकाळची आरती, पलीकडचा दत्त आखाडा, पाण्यावर थरथरणारे दिवे हे सारे इतक्या वेळा टिपले गेले आहे की त्यात नवे काही दिसेल अशी आमची अपेक्षा उरलेली नव्हती. म्हणूनच गेल्या आषाढात, आभाळ गच्च भरून आलेल्या एका सकाळी, नदीकडे पाठ करून पायरीसमोर उकिडवा बसलेला आणि केवळ दगडाची छायाचित्रे काढणारा एक नववीतला मुलगा पाहून आम्ही थबकलो. मुलगा ओळखीचा, शिंदेशाहीत उज्जैनला येऊन स्थिरावलेल्या एका घरातला. काय चालले आहे असे विचारताच तो म्हणाला, "गेमसाठी टेक्स्चर हवंय काका. ऊन पडायच्या आत आटपायचंय."

ऊन पडायच्या आत का, हे उमगायला आम्हाला काही आठवडे लागले. त्या शोधात जे हाती आले ते निव्वळ मुलांच्या करमणुकीपुरते नाही, साहित्य आणि कला यांविषयी आपण जे प्रश्न नेहमी विचारतो त्यांच्याच जातीचे आहे असे वाटल्यावरून हे टिपण.

टेक्स्चर या शब्दाला मराठीत पोत हा नेमका प्रतिशब्द आहे. (देवीपुढे पाजळतात तो किंवा गळ्यात घालतात तो पोत निराळा.) कापडाचा पोत आपण चिमटीत धरून पाहतो, शेतकरी जमिनीचा पोत सांगतो, रसिक गायकाच्या आवाजाचा पोत ओळखतो आणि समीक्षक कवितेच्या भाषेच्या पोताविषयी लिहितो. या प्रत्येक ठिकाणी पोत वस्तूच्या आतून वर आलेला असतो. व्हिडिओ गेमची गोष्ट उलटी आहे. तेथे आकार आधी घडतो, तोही कोरा, रंग न दिलेल्या शाडूच्या गणपतीसारखा. मग संत्र्याची साल अखंड सोलून पाटावर पसरावी तसे त्या आकाराचे पृष्ठ सपाट उलगडतात, त्यावर चित्र काढतात आणि ते पुन्हा आकारावर चढवतात. हल्लीच्या खेळांत एकाच पृष्ठासाठी अशी अनेक चित्रे असतात: एक रंगाचे, एक बारीक चढउतारांचे, एक प्रकाश किती परतवायचा ते सांगणारे. कोरडी पायरी आणि नुकतीच कुणी ओलेत्याने चढून गेलेली पायरी यांतला फरक बराचसा या शेवटच्या चित्रात असतो.

मुलाची घाई उन्हाची होती ती यामुळे. छायाचित्रात खऱ्या सूर्याची सावली उतरली की ती कायमची त्या दगडाला चिकटते. मग खेळातला सूर्य कोठेही उगवो, सावली आपली तेथेच. ढगाळ सकाळी प्रकाश सगळीकडून सारखा येतो, आणि दगडाचा केवळ स्वतःचा रंग हाती लागतो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. लांबलचक घाटाला पुरेल एवढे एकच चित्र करणे संगणकाला परवडत नाही. म्हणून हात-दोन हात दगडाचे एक चौकोनी चित्र करून ते फरश्यांप्रमाणे शेकडो वेळा शेजारी शेजारी मांडतात. त्याची डावी कड उजवीशी आणि वरची खालचीशी बेमालूम जुळावी लागते. शिवाय त्यात एखादी ठळक खूण राहिली, तर ती दर दोन हातांवर पुन्हा दिसते आणि सारा घाट भिंतीवर चिकटवायच्या छापील कागदासारखा वाटू लागतो. त्यामुळे पोत करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा की, जे नजरेत भरेल ते पुसून टाकावे. धडा सोयीचा आहे, पण रामघाटाला तो लावून पाहावा. कुंकवाचा ओघळ, दिव्याच्या तेलाने काळवंडलेला कोपरा, सिमेंटची डागडुजी, एकावर एक चढलेल्या रंगांचे पोपडे, पूर ओसरल्यावर देवळांच्या भिंतींवर राहिलेली गाळाची रेघ हे सारे पुसल्यावर जो दगड उरतो तो कोणत्याही नदीकाठचा असू शकतो. मोठ्या खेळांत यावर तोड म्हणून डाग वेगळ्या पारदर्शक चित्रावर काढून टिकलीसारखा वरून लावतात. त्याला डिकल म्हणतात. अर्थात टिकली कोठे लावायची हे ठरवायला कपाळ ओळखीचे असावे लागते.

ही कसोटी हाती धरून आम्ही पुण्यात तयार झालेला एक खेळ पाहिला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० साली आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी काम पुरे झाले, हे प्रथम नोंदवले पाहिजे. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी ही कसरती करणारी मुलगी आहे, आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. वास्तू मध्ययुगीन राजस्थानच्या धर्तीवर आहेत, रंग पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे आहेत, आणि पोत हाताने रंगवलेले आहेत.

या हातरंगाचे मोल आम्हाला मोठे वाटते. छायाचित्रातून उचललेला दगड कितीही हुबेहूब असला तरी तो कुणीच पाहिलेला नसतो, केवळ टिपलेला असतो. 'राजी'तल्या भिंती कुणीतरी पाहून, निवडून रंगवल्या आहेत हे जाणवते. काही ठिकाणी भिंतीवर देवादिकांच्या कथा चितारल्या आहेत. राजी त्यांच्यापुढे थांबली की ती कथा ऐकू येते. तेथे पोत आणि कथन एक होतात, आणि या खेळातले उत्तम क्षण आम्हाला तेथेच सापडले.

तरीही मन पुरते भरत नाही, आणि त्याचे एक कारण अंतर हे आहे. या खेळातला कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही. तो बहुतेक वेळ लांबून, उंचावरून पाहतो, त्यामुळे भिंत चित्र म्हणून दिसते, स्पर्शाच्या टप्प्यात क्वचितच येते. दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. राजी भिंतींवरून धावते, खांबाला धरून गरकन फिरते. तिचे सारे कौशल्यच दगडाला अंग लावण्याचे आहे. पण तिच्याआधी कुणी त्या खांबाला हात लावला असेल अशी झिलई आम्हाला त्यावर दिसली नाही. तेथल्या सर्व भिंती एकाच दिवशी रंगवून झाल्यासारख्या आहेत. देवांच्या नगरीला झीज कशाला हवी, असे कुणी विचारील, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु आपल्याकडे देव झिजतात. आईच्या गाभाऱ्याचा उंबरठा झिजतो, पादुका झिजतात, शेंदराच्या पुटांखाली मूर्तीचे नाकडोळे दिसेनासे होतात. भक्ती आपल्या डोळ्यांना दिसते ती बहुधा अशी, पृष्ठभागावर.

आणखी एक शंका, तक्रार म्हणून नव्हे. पुण्यात बसून काम करणाऱ्या चित्रकारांना राजस्थान आणि हिमालयाचा पायथा आठवला, पण वाईजवळच्या मेणवलीचा घाट, तेथल्या नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे, चिरेबंदी जोते या गोष्टी आठवल्या नाहीत का? भारताचे रूप म्हणून बाहेरच्या जगाला जे चटकन ओळखू येते ते राजस्थानी, हे गणित आम्हाला समजते. कोणत्याही नव्या संस्थेला ते मांडावेच लागते. मात्र त्या गणितात आपल्या घरचा काळा दगड अजून कोठेच बसत नाही, ही गोष्टही खरी.

तो दगड आपल्या घरचा म्हणतो तेव्हा आम्ही मालव्याचाही धरतो. सह्याद्रीचा कातळ आणि मालव्याच्या पठाराखालचा खडक एकाच प्राचीन लाव्हाचे थर आहेत. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळाचे देऊळ पुन्हा उभे केले. रामघाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हरसिद्धीच्या अंगणात, दोन दीपमाळा उभ्या आहेत, आणि देशावरून आलेल्या पाहुण्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, दगड राहिला, आणि आपण राहिलो.

पण दगड राहिला म्हणजे कोणत्या काळचा? हा प्रश्न पोत करणाऱ्याला टाळता येत नाही. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' हा २०१४ चा खेळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसमध्ये घडतो. त्यातल्या नोत्र दाम चर्चवर जो निमुळता मनोरा दिसतो तो प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा, म्हणजे कथेच्या काळी नव्हताच. लोकांच्या मनातले नोत्र दाम त्या मनोऱ्याशिवाय पुरे होत नाही, म्हणून करणाऱ्यांनी तो जाणून ठेवला. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत खरा मनोरा कोसळला, तेव्हा जगभरच्या मुलांनी तो खेळात पाहिला होता. आमच्या मते ती चूक क्षम्य आहे, कारण ती कुणाच्या तरी आठवणीशी इमान राखते. रामघाटाच्या बाबतीत हा प्रश्न आज निकडीचा आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्राकाठी नव्या घाटांचे काम काढलेले आहे, आणि मोठ्या पर्वापूर्वी जुने काठही रंगतात, सारखे होतात. एका अर्थी तेव्हा घाटालाच नवे टेक्स्चर चढते, डागविरहित आणि कडेला कड जुळणारे.

आता त्या मुलाच्या कामाकडे. तो काही मोठ्या यंत्रणेवर काम करीत नव्हता. त्याचा खेळ माइनक्राफ्ट. त्यात सारे जग ठोकळ्यांचे आहे, प्रत्येक ठोकळा एक घनमीटर, आणि मूळच्या रूपात प्रत्येक बाजूचे चित्र आडवे सोळा आणि उभे सोळा, अशा एकूण २५६ चौकटींचे. ही चित्रे बदलून आपली घालण्याची मुभा खेळणाऱ्याला असते. मोठी चित्रेही चालतात, पण त्याने हट्टाने सोळाचीच चौकट ठेवली. ऐकून आम्ही खजील झालो. एवढ्याशा जागेत रामघाट कसा मावणार? त्याच्या आजीला मात्र ते लगेच कळले. सोळा ठिपके, सोळा ओळी, एवढेच तर आहे, असे म्हणून त्या चौकटीच्या कागदावर पेन्सिल घेऊन बसल्या.

ठिपक्यांच्या रांगोळीवर वाढलेल्या डोळ्याला जागेची टंचाई ही टंचाई वाटत नाही. २५६ चौकटींत सगळे येत नाही, म्हणून काय आणायचे ते ठरवावे लागते. त्याने शंभरावर छायाचित्रांतून काळसर करड्याच्या चार छटा निवडल्या, वरच्या कडेला पावलांनी गुळगुळीत झालेली एक फिकट रेघ दिली, आणि खालच्या कडेला शेवाळाच्या तीन चौकटी. छायाचित्र जे सांगत नव्हते ते त्या फिकट रेघेने सांगितले. (पायरीची उंची मात्र खेळाच्या नियमाने अर्धा मीटर होते. त्या घाटावर आपल्यापैकी कुणाचे गुडघे टिकतील असे वाटत नाही.)

पहिला प्रयत्न तरीही फसला होता, आणि तो 'राजी'सारखाच फसला होता. एका छायाचित्रात कोपऱ्यावर कुंकवाचा पुसट डाग होता. चित्रात तो नव्हता. विचारल्यावर उत्तर आले, "रिपीट होतं काका. प्रत्येक दगडावर कुंकू दिसतं, वॉलपेपर वाटतो." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण डागावाचून घाट मुका झाला होता, आणि तेही त्याला दिसत होते. आम्हाला सुचवण्यासारखे काही सुचले नाही. उपाय त्यानेच शोधला. माइनक्राफ्टच्या संगणकावरील जावा आवृत्तीत एकाच ठोकळ्याला अनेक चित्रे देता येतात, आणि त्यांतले कोणते किती वेळा यावे याचे प्रमाणही ठरवता येते. त्याने पायरीची पाच चित्रे केली. चार साधी, थोड्याथोड्या फरकाची. पाचव्यात कुंकू. ते पाचवे विसांत एखादे यावे असे प्रमाण ठेवले.

आम्ही पडद्यावर त्या घाटावरून चाललो. खाली उतरताना बराच वेळ काही नाही, मग डावीकडे एक दगड कुंकवाचा, मग पुन्हा नुसते काळे चिरे. तो दगड तेथे कुणी ठरवून ठेवलेला नव्हता, आणि म्हणूनच तेथे कुणीतरी येऊन गेले असे वाटले. कौतुकाच्या भरात एक दोष सांगायचा राहू नये: शेवाळ वरच्या पायऱ्यांवरही तेवढेच आहे. वरच्या पायऱ्यांवर पाणी पावसाळ्यातच चढते, तेथे एवढे हिरवे दिसणार नाही. त्याने ते मान्य केले आहे.

राहिले पाणी. खेळातले पाणी निळे असते. क्षिप्रा तशी नसते, आणि २०१४ पासून तिच्या पात्रात नर्मदेचे पाणी आणून सोडले जाते, तेव्हा ती नेमकी कोणती नदी रंगवायची हाही प्रश्नच. मुलाने आजीला विचारले, "आजी, आपल्या नदीचा रंग कोणता गं?"

आजी म्हणाल्या, "कोणत्या महिन्यातला?"

खेळात महिने नाहीत. सध्या त्याने पाणी मूळचे आहे तसेच ठेवले आहे.