वगळलेल्यांचे गीत

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता बळकावली. ती राजवट १९९० पर्यंत टिकली. तिच्या ऐन अमलात, सप्टेंबर १९८६ मध्ये, ‘लोस प्रिसिओनेरोस’ म्हणजे ‘बंदिवान’ या त्रिकुटाचा ‘पातेआन्दो पिएद्रास’ हा रॉक गीतसंग्रह निघाला. ‘दगडांना लाथाडत’ हा त्या नावाचा अर्थ. होर्हे गोन्सालेस, क्लाउदिओ नारेआ आणि मिगेल तापिआ हे सान्तिआगोच्या सान मिगेल भागातील शाळासोबती.

या संग्रहात हुकूमशहाचे नाव कोठेही येत नाही. म्हणून तो भित्रा ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९८२ च्या मंदीत चिलीचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घसरले आणि कामकरी वस्त्या बेकारीने ग्रासल्या. बंद कारखान्यांवरील पहिल्याच गीतात सिंथेसायझरचा धातूसारखा ठणठणाट ऐकू येतो. जी यंत्रे थांबली, त्यांचाच जणू तो प्रतिध्वनी.

संग्रहाचा प्राण मात्र ‘एल बाइले दे लोस के सोब्रान’, अर्थात ‘नकोशा ठरलेल्यांचे नृत्य’, हे गीत होय. शाळेत सर्वांना समान म्हटले गेले. शाळा सुटल्यावर काहींना भविष्य मिळाले, इतरांना रस्ता. तरुण ज्याला स्वतःचे अपयश समजून लाजत होता, तो अन्याय आहे, हे गीत त्याला सांगते. मध्येच कुत्र्याचे भुंकणे येते आणि रिकामी गल्ली डोळ्यांपुढे उभी राहते.

सर्वच गीते या तोलाची नाहीत. श्रीमंतांवरील गीतात उपहासाचा फटका गरिबांनाही बसतो आणि करुणा हरवते.

कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ मध्ये स्थापिलेल्या ‘विकारीआ दे ला सोलिदारिदाद’ने बेपत्ता केलेल्यांची नोंद ठेवली, त्यांच्या कुटुंबांना कायद्याचे साहाय्य दिले. या तरुणांनी दुसरी नोंद ठेवली: जिवंत असूनही हिशेबातून वगळलेल्यांची. दोन्ही नोंदी आम्हांस आवश्यक वाटतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या भाडेवाढीतून चिलीत जनक्षोभ उसळला, तेव्हा जमावांनी हेच गीत पुन्हा गायिले. लोकशाही येऊन तीन दशके होत आली होती, तरी ते शिळे झाले नव्हते. गीतकाराला याचा अभिमान वाटो. राज्यकर्त्यांनी मात्र खाली मान घालावी.