बोटावरची शाई काळी का पडते?

निवडणूक आली की वर्तमानपत्रांत एक ठरावीक चौकट हमखास छापून येते. मतदाराच्या बोटाला लावायची शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते, तिचे सूत्र गुप्त आहे, ती 1962 साली प्रथम वापरली गेली, आणि तिच्यातील सिल्व्हर नायट्रेटची त्वचेवरच्या मिठाशी अभिक्रिया होऊन पाण्यात न विरघळणारे काळे सिल्व्हर क्लोराइड तयार होते, म्हणून ती पुसली जात नाही. ही चौकट कापून शाळेच्या फलकावर लावली जाते, प्रश्नमंजूषेत विचारली जाते, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा छापली जाते. तिच्यातला म्हैसूरचा कारखाना खरा आहे. बाकीची विधाने मात्र शिक्षकांनी तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नयेत, असे आमचे मत आहे.

रसायनशास्त्रापासूनच सुरुवात करू. दहावीचा विद्यार्थी मिठाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकतो तेव्हा त्याला काय दिसते? पांढरा, दह्याच्या कवडीसारखा अवक्षेप. तो सिल्व्हर क्लोराइडचा असतो आणि त्याचा रंग विद्यार्थी प्रयोगवहीत बिनचूक लिहितो. तोच विद्यार्थी व्हरांड्यातल्या फलकावर 'काळे सिल्व्हर क्लोराइड' असे वाचतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आम्हांला शाईपेक्षा या गोष्टीची अधिक काळजी वाटते. प्रयोगवहीतले ज्ञान एका कप्प्यात आणि 'सामान्य ज्ञान' दुसऱ्या कप्प्यात ठेवायची सवय आपण मुलांना लावली आहे.

मग काळे काय असते? ती असते धातुरूप चांदी. प्रकाश पडला की सिल्व्हर क्लोराइडचे अपघटन होते आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण मोकळे होतात. कण इतके बारीक असले की चांदी चकचकीत दिसत नाही, काळी दिसते. कॅमेऱ्यात फिल्म भरत असत तेव्हाचे छायाचित्रण याच गुणावर उभे होते. म्हणूनच ही शाई गडद रंगाच्या कुपीत भरतात. बोटाला लावताक्षणी दिसतो तो जांभळा रंग मुख्यतः तिच्यात मिसळलेल्या रंजकाचा असतो. तो धुतला जाऊ शकतो. टिकाऊ डाग नंतर, उजेडात, हळूहळू गडद होत जातो.

पण मिठाची गोष्टही अपुरीच आहे. घामातील मीठ हेच जर सर्व काही असते, तर डाग नखावर सर्वांत जास्त का टिकतो? नखात घर्मग्रंथी नसतात. नख बनलेले असते केराटिन या प्रथिनाचे आणि केराटिनमध्ये गंधक भरपूर असते. चांदीला गंधकाची किती ओढ आहे हे देवघरातली निरांजने काळी पडताना आपण पाहतोच. चांदीचे आयन नखातील व त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि तेथेच त्यांचे क्षपण होते. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट हाताळणाऱ्यांची बोटे काळी होतात, ती याच कारणाने.

हे वर्गात दाखवता येते. गाळणकागदाच्या दोन पट्ट्या मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात, दोन्हींवर सौम्य सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा, एक पट्टी काळ्या कागदात गुंडाळावी व दुसरी उन्हात ठेवावी. सोबत कापलेल्या नखाचा तुकडा ऊर्ध्वपातित पाण्याने नीट धुऊन त्यावरही एक थेंब टाकावा आणि तो उन्हात ठेवावा. थेंब शिक्षकांनीच टाकावेत, हातमोजे घालून. हे द्रव्य डोळ्यांना घातक आहे आणि कपड्यांवरचा त्याचा डाग जात नाही.

डाग कायमचा नसतो, हेही सांगायला हवे. त्वचेचा वरचा मृत थर दोन ते चार आठवड्यांत झडतो आणि त्याबरोबर चांदीही जाते. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. आता 2024 ची लोकसभा निवडणूक घ्या. तिचा पहिला टप्पा 19 एप्रिलला होता आणि सातवा 1 जूनला. मधले अंतर 43 दिवसांचे. पहिल्या टप्प्यात मत दिलेल्या माणसाच्या त्वचेवरचा डाग एव्हाना बहुधा गेलेला असणार, पण नखावरचा उरणार. फक्त नखाच्या मुळाशी सुमारे चार मिलिमीटरची कोरी पट्टी दिसणार. 2006 पासून नखाच्या टोकापासून बोटाच्या पहिल्या सांध्यापर्यंत रेघ ओढतात, ती किती उपयोगाची आहे हे या हिशेबावरून कळते. हे गणित आठवीच्या मुलालाही जमेल.

आता 1962 चे पाहू. म्हैसूरचा कारखाना लाख व रंगांसाठी 1937 मध्ये स्थापन झाला आणि 1962 च्या निवडणुकीपासून तो ही शाई पुरवू लागला. परंतु रामचंद्र गुहा यांनी 'इंडिया आफ्टर गांधी'मध्ये पहिल्याच, म्हणजे 1951-52 च्या, निवडणुकीत अशा शाईच्या 3,89,816 कुप्या खर्ची पडल्याची नोंद दिली आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 61 मध्येही या शाईचा उल्लेख आहे. कारखान्याचा इतिहास हाच शाईचा इतिहास समजला गेला, एवढेच. 'गुप्त सूत्रा'चेही तसेच. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे नेमके प्रमाण गुप्त असेल, पण मुख्य द्रव्य कोणते हे सर्वांना ठाऊक आहे. या गूढतेचा आम्हांला कंटाळा आला आहे.

गूढता सूत्रात शोधली की शाईमागची खरी व्यवस्था नजरेआड होते. मतदान अधिकारी आधी शाई लावतो आणि मग नोंदवहीत सही घेतो. क्रम असा, कारण शाई वाळायला वेळ मिळावा. बोटाला तेल किंवा तुपकट पदार्थ लावलेला दिसला तर तो फडक्याने पुसून मगच शाई लावावी, अशी सूचना असते. मत देण्यापूर्वी डाग पुन्हा पाहिला जातो. शाई लावून घ्यायला जो नकार देईल त्याला मत देता येत नाही. डावी तर्जनी नसेल तर कोणते बोट घ्यायचे हेही नियमात लिहिलेले आहे. चांदी जितके काम करते तितकेच हे क्रम आणि हे फडके करते.

व्यवस्था ढिली पडली तर काय होते? 9 ऑक्टोबर 2004 रोजी अफगाणिस्तानात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. काही केंद्रांवर योग्य शाईऐवजी साधी लेखणी वापरली गेली, डाग धुतले जाऊ लागले, आणि त्याच दिवशी पंधरा उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला. मलेशियात मे 2013 च्या निवडणुकीत शाई सहज निघाल्याच्या तक्रारी झाल्या. त्या शाईत खाद्यरंग होता, असे नंतर तेथील मंत्र्यानेच सांगितले. शाईचे नाव तेच राहिले, चांदी मात्र नव्हती.

आणि चांदी असली तरी डाग काय सांगतो? हे बोट शाईच्या कुपीजवळ जाऊन आले, इतकेच. बोट कोणाचे, यादीतले नाव त्याचेच का, हे डाग सांगत नाही. दुसऱ्याच्या नावावर पहिलेच मत देणाऱ्याला तो अडवू शकत नाही. तेथे यादी, ओळखपत्र आणि उमेदवारांचे केंद्रावरचे प्रतिनिधी यांचेच काम असते. डाग कशासाठी लावला हेही त्यावर लिहिलेले नसते. नोव्हेंबर 2016 मध्ये जुन्या नोटा बदलायला येणाऱ्यांच्या बोटांना बँकांत अशीच शाई लावायचे ठरले. त्याच आठवड्यात काही राज्यांत पोटनिवडणुका होत्या. बँकेच्या रांगेतून आलेल्या माणसाला मतदान केंद्रावर अडवले जाईल, या शंकेने निवडणूक आयोगाला अर्थ मंत्रालयाला पत्र लिहावे लागले.