जीप्रॉफचं बिल कोणाच्या नावावर?

पारनेरकडच्या एखाद्या सामाईक विहिरीचं वीजबिल ‘मोटर किती वेळा चालू केली’ यावर वाटून बघा. एकाने पिंप भरायला 99 वेळा बटण दाबलं, दुसऱ्याने एकदाच दाबून रात्रभर कांदा भिजवला. भांडण ठरलेलं! जीप्रॉफ नेमकं असंच बिल वाटतं.

ग्रॅहम, केसलर आणि मॅकक्युझिक यांचा 1982चा पेपर तुम्ही वाचायलाच हवा. ‘-पीजी’ देऊन कंपाइल केलं की कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक जादा कॉल घुसवतो. कोणी कोणाला किती वेळा बोलावलं, हे त्यातून मोजलं जातं. तो आकडा खरा. वेळ मात्र ठरावीक अंतराने डोकावून अंदाजाने काढतात आणि कॉलच्या संख्येप्रमाणे बोलावणाऱ्यांत वाटतात. प्रत्येक कॉलला सरासरीइतकाच वेळ लागतो, हे गृहीतक लेखकांनी लपवलेलं नाही. पण तक्त्यात ते कुठे दिसतं? तिथे दिसतात दोन दशांश स्थळांचे सेकंद, आणि आपण भुलतो.

दहा नोंदी आणि लाखभर नोंदी एकाच फंक्शनकडून सॉर्ट करून घेणारा प्रोग्रॅम लिहा, आणि जीप्रॉफ दोष कोणाच्या माथी मारतं ते पाहा. मग त्याच प्रोग्रॅमवर ‘पर्फ’ला ‘-जी’ देऊन चालवा. ते डोकावताना अख्खा कॉल स्टॅक उचलतं. दोघांचं उत्तर जुळेना, तर जीप्रॉफचा तक्ता थिसिसमध्ये घालू नका.