चौकट सारखी, चित्रे लहानमोठी

संगणकावरील कार्यक्रम उघडण्यासाठी चित्रांची जी मांडणी पडद्यावर येते, तिला लाँचर म्हणतात. लिनक्सवरील ग्नोमच्या लाँचरमध्ये एक चित्र दुसऱ्यावर ओढून ठेवले की त्यांचा फोल्डर तयार होतो. त्यात पुष्कळदा एक आयकॉन ऐसपैस दिसतो, तर शेजारचा अंग चोरून बसलेला. हा दोष केवळ सौंदर्याचा नाही, मोजमापाचा आहे.

लाँचर चौकट मोजतो, तिच्यातले चित्र नाही. ४८ बिंदूंच्या चौकटीत एकाने कडेपर्यंत चित्र काढले आणि दुसऱ्याने चारही बाजूंना ४ बिंदू मोकळे सोडले, तर दुसऱ्याचे चित्र ४० बिंदूंचे उरते. म्हणजे क्षेत्रफळ पहिल्याच्या सुमारे ६९ टक्केच!

फ्रीडेस्कटॉपच्या नियमानुसार प्रत्येक कार्यक्रमाने निदान ४८ × ४८ चे चित्र द्यावे. लाँचरला ९६ चे हवे असेल तर काय? तेच चित्र ताणले की पुसट होते. तसेच ठेवले की पाव जागेत बसते. शिवाय फोल्डरने वेगळे माप मागितले, तर त्याच कार्यक्रमाची वेगळी, निराळा समास सोडलेली फाइल उचलली जाऊ शकते. नियम चौकटीबद्दल बोलतो. चित्राने तिच्यात किती जागा व्यापावी, याबद्दल मात्र गप्प राहतो. खरी उणीव इथे आहे.

अँड्रॉइडने २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीत सर्व आयकॉन एकाच साच्यातून कापण्याची सोय केली. मापे जुळली, पण बाह्याकृती हरवली. ज्या मुलाला इंग्रजी नाव वाचता येत नाही, त्याच्यासाठी चित्र हेच नाव असते. सगळीच चित्रे गोल झाली, तर त्याची एक खूण कमी होते.

२०१४ मध्ये जाहीर झालेल्या गूगलच्या मटेरियल डिझाइनमधील तोड अधिक शहाणपणाची आहे. तिथे ४८ च्या चौकटीत चौरसाची बाजू ३८, पण वर्तुळाचा व्यास ४४ ठेवला आहे. मापे मुद्दाम असमान, म्हणून डोळ्याला चित्रे समान!

हे वर्गात पडताळता येईल. आलेख कागदावर ३८ मिलिमीटरचा चौरस आणि ४४ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून घ्यावे. क्षेत्रफळे १४४४ आणि सुमारे १५२१ चौरस मिलिमीटर येतात. मग व्यासही ३८ च घेऊन पाहावा. वर्तुळ ११३४ च्या आसपास, म्हणजे चौरसाच्या ७८.५ टक्क्यांवर येते का, हे विद्यार्थ्यांनाच चौकोन मोजून ठरवू द्यावे.