‘परेड’ : एका शब्दाचा अर्थविस्तार आणि भाषांतराचा प्रश्न

कोशात शब्दाचे अर्थ क्रमांक घालून दिलेले असतात. त्यामुळे ते एकमेकांपासून सुटे आहेत असा समज होण्याचा संभव असतो. आणि भाषांतरकार तर पुष्कळदा त्यांतील एक क्रमांक निवडून मोकळा होतो. ही पद्धती किती अपुरी आहे हे इंग्रजीतील ‘परेड’ ह्या शब्दावरून चांगले दिसून येते. त्याच्या अर्थांमागील सूत्र शोधून ते फोर्ड मॅडॉक्स फोर्ड ह्याच्या कादंबरीचतुष्टयावर तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘परेड’चे मूळ लॅटिन ‘पारारे’ म्हणजे सज्ज करणे, तयार करणे ह्या धातूत आहे. सतराव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पाहणीसाठी सैनिकांना शस्त्रांनिशी ओळीने उभे करणे आणि एखाद्या गोष्टीचा दिखावा करणे, हे दोन्ही अर्थ त्याला लवकरच चिकटले. मिल्टनने १६६७च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये रात्रीच्या पहाऱ्यासाठी सशस्त्र उभ्या राहिलेल्या देवदूतांविषयी तो वापरला आहे, तेथे निंदेचा लेशही नाही. उलट विद्वत्तेची ‘परेड’ करणारा मनुष्य उपहासालाच पात्र ठरतो. ह्या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे पाहणारा. सज्जता दुसऱ्याच्या दृष्टीसमोर मांडली, की ती प्रदर्शनाच्या उंबरठ्यावर येते.

पुढील अर्थविस्तारही ह्याच दुव्यावर उभा आहे. बाथ शहरात अठराव्या शतकात बांधलेले नॉर्थ परेड आणि साउथ परेड हे रस्ते लोकांनी फिरावे, पाहावे आणि दिसावे ह्यासाठी होते. मुंबईच्या ‘कफ परेड’मधला ‘परेड’ह्याच कुळातला; त्याचा कवायतीशी संबंध नाही. ‘ओळख परेड’मध्ये थाटमाट मुळीच नसतो. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांबरोबर उभे करतात आणि साक्षीदाराच्या नजरेला तेवढे महत्त्व उरते. ‘हिट परेड’मध्ये तर माणसे जाऊन लोकप्रियतेच्या क्रमाने लावलेल्या गाण्यांची ओळच शिल्लक राहते.

मराठीत हा शब्द मुख्यतः लष्कराच्या आणि पोलिसांच्या व्यवहारातून रुळला. म्हणून त्याच्या अर्थाचा निम्माच भाग आपल्याकडे आला. उरलेला भाग आपण इतर शब्दांत वाटून दिला आहे. ‘कवायत’ हा शब्द नियमवाचक अरबी शब्दाच्या अनेकवचनापासून आला असून त्यात शिस्त आहे, शोभा नाही. लक्षणेने तो निष्फळ खटाटोप दाखवतो, डौल नव्हे. २६ जानेवारीच्या सोहळ्याला आपण ‘संचलन’ म्हणतो. त्यात गती आहे, पण पाहणारा नाही. इंग्रजी शब्दाच्या सर्वांत जवळ जाते ते ‘मिरवणे’ हे क्रियापद. पालखी मिरवते आणि पांडित्यही मिरवले जाते. गौरव आणि दोष एकाच धातूत नांदतात. मात्र ‘मिरवणे’मध्ये सैनिकी सज्जता नाही.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही, हे फोर्डच्या कादंबऱ्यांवरून कळते. १९२४ ते १९२८ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्या पुढे ‘परेड्स एण्ड’ ह्या नावाने एकत्रित झाल्या. त्यांतील दुसरीचे, १९२५मधल्या कादंबरीचे, नाव ‘नो मोअर परेड्स’. नायक ख्रिस्तोफर टीजन्स ह्याला एक प्रसंग आठवतो. युद्ध नुकतेच सुरू झाले असताना युद्धखात्यात एक जण पलटण बरखास्त करण्याच्या समारंभाची आखणी करीत बसला होता. त्याच्या अखेरीस ह्यापुढे परेड होणार नाही अशी घोषणा व्हायची होती. समारंभाच्या अंताचाही समारंभ! टीजन्सला त्यात पलटणीपुरता निरोप नव्हे, तर आपल्या समाजाच्या आशेचा आणि वैभवाचा शेवट ऐकू येतो.

परंतु ह्याच कादंबरीत तो शब्द आणखी खोल जातो. घरातील कलह नोकरचाकरांसमोर, मुलांसमोर येऊ न देण्याची जी कुलीनांची रीत, तिलाही टीजन्स ‘परेड’ म्हणतो. म्हणजे दिखाव्याचा शब्द येथे संयमाचा झाला. तरीही फोर्ड ह्या रीतीचा भाट होत नाही. पत्नी सिल्व्हिया नवऱ्याच्या मौनाचाच त्याच्याविरुद्ध उपयोग करते. तो खुलासा करीत नाही म्हणून प्रवाद वाढतात. ज्या शिस्तीने तो उभा आहे, तीच त्याला उघडा पाडते. शब्दातील पोकळ डामडौलाचा जुना अर्थ अशा प्रकारे सद्गुणाच्या आतही जागा राहतो, आणि चतुष्टयाचा करुण रस ह्या दुहेरीपणातच आहे.

म्हणून ‘संचलनाची अखेर’ असे भाषांतर केले तर केवळ पलटण उरेल. ‘मिरवणुकीचा शेवट’ म्हटले तर निव्वळ उपहास, आणि ‘मर्यादेचा अंत’ म्हटले तर केवळ शोक. माझ्या मते मराठीत ‘इतमाम’ हा शब्द ह्या कामी विचारात घेण्यासारखा आहे. लष्करी इतमामाने निरोप देणे ह्या प्रयोगात विधी, प्रतिष्ठा आणि पाहणारा समाज, तिन्ही आहेत; शिवाय त्याचे अरबी मूळ काळजी, व्यवस्था ह्या अर्थाचे असल्याने तयारीपासून थाटापर्यंतचा ‘परेड’चा प्रवास त्यानेही केला आहे. रोजच्या हजेरीचा रूक्षपणा मात्र त्यात येत नाही. ती उणीव भाषांतरकाराला शीर्षकात भरून काढता येणार नाही. कादंबरीतील सैनिकी संवादांत ‘परेड’ हाच रुळलेला शब्द ठेवून ती भरता येईल.